दुसऱ्यांच्या प्रकल्पात कोड पाठवताना

नांदेड-धर्माबादकडची मराठी कुटुंबं मुलांच्या अक्षरारंभासाठी गोदाकाठच्या बासरला जातात. त्याच गावात २००८ पासून तंत्रज्ञानाचं निवासी विद्यापीठही आहे. तिथल्या नवशिक्यांनी मुक्तस्रोत प्रकल्पात बदल पाठवण्याआधी लिनक्सची शिस्त पाहावी. एका पॅचमध्ये एकच बदल. सोबत काय बदललं यापेक्षा का बदललं, हे सविस्तर लिहायचं. तपासणाऱ्याला तुमच्या मनातलं दिसत नाही आणि काही वर्षांनी तोच कोड वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी सभ्यता हीच. २००४ पासून पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळही लागते: हा कोड देण्याचा मला हक्क आहे, ही तिची ग्वाही. उत्तर आलं नाही तर किमान आठवडाभर थांबा. सुचवलेली दुरुस्ती पटली नाही तर कारण सांगा, पण गप्प राहू नका.