बाळाच्या पायातले मॉनिटर: आकड्यावर किती विश्वास ठेवावा?

"मोजा तर सत्त्याण्णव दाखवते डॉक्टर, मंग लेकरू असं काहून करून राह्यलं?"

गेल्या हिवाळ्यात रात्री एक आजी दीड महिन्याच्या नातीला घेऊन हिवरखेडच्या माझ्या दवाखान्यात आल्या. बाळाच्या पायात मुलाने ऑनलाइन मागवलेला सेन्सरचा मोजा होता. ऑक्सिजन ९७, म्हणून घरच्यांनी संध्याकाळपासून वाट पाहिली होती. मी बाळाचे कपडे वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. ते ६८ भरले. बाळ दूधही नीट ओढत नव्हते. न्यूमोनियाच्या शंकेने त्याला रात्रीच अकोल्याला पाठवले. बाळ बरे झाले.

मोज्यावरचा आकडा चुकीचा नव्हता. पण तो ऑक्सिजनचा होता, श्वासांचा नव्हता. न्यूमोनियात आधी श्वास वाढतात. ऑक्सिजन बऱ्याचदा नंतर उतरतो.

हे यंत्र नेमके काय मोजते?

मोजा किंवा पट्टा त्वचेतून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवतो. रक्तातला किती प्रकाश शोषला गेला, यावरून ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके काढतो. पाय थंड असले, बाळ हात-पाय झाडत असले किंवा पट्टा सैल असला तर आकडा चुकतो. त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. सावळ्या-काळ्या त्वचेत ऑक्सिमीटर कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो, हे मोठ्या माणसांवरच्या २०२० मधल्या अमेरिकन अभ्यासात दिसले.

चाचणी का महत्त्वाची?

मोठ्या माणसांचा ऑक्सिजन देखरेखीखाली मुद्दाम कमी करून यंत्र तपासता येते. तान्ह्या बाळावर असा प्रयोग करणे योग्य नाही. म्हणून आधीच दाखल असलेल्या बाळांना एकाच वेळी दवाखान्याचे खात्रीचे मॉनिटर आणि नवे यंत्र लावून दोन्हींचे आकडे ताडून पाहतात.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात ३० बाळांवर अशी तुलना झाली आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी वापरायची दोन यंत्रे तपासली होती. 'आउलेट' मोज्याने कमी ऑक्सिजन बऱ्याचदा ओळखला, पण दर वेळी नाही. 'बेबी विडा'ने तो एकदाही ओळखला नाही, उलट नाडी खोटीच कमी दाखवली. दोन्ही यंत्रे बाजारात विकली गेली होती. आउलेटच्या पुढच्या मोज्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वैद्यकीय यंत्र म्हणून मंजुरी दिली ती २०२३ मध्ये.

झोपेत बाळ अचानक दगावू नये म्हणून अशा घरगुती मॉनिटरवर विसंबू नका, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर झोपवणे त्याहून महत्त्वाचे.

घेण्यापूर्वी हे विचारा

- खोक्यावर भारतातला वैद्यकीय उपकरणाचा परवाना क्रमांक आहे का? १ एप्रिल २०२० पासून इथे सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली येतात.
- चाचणी बाळांवर झाली की फक्त मोठ्यांवर? तुमच्या बाळाच्या वयाच्या आणि वजनाच्या मुलांवर झाली का?
- "फक्त वेलनेससाठी" असे लिहिले असेल, तर त्यावरून आजार ठरवू नका.

एखाद्या रुग्णालयात नवे यंत्र तुमच्या बाळावर तपासायचे आहे असे विचारले, तर घाबरू नका. अशा चाचण्यांशिवाय चांगली यंत्रे तयार होणार नाहीत. पण सही करण्यापूर्वी विचारा: नैतिकता समितीची परवानगी आहे का? बाळाचे नेहमीचे मॉनिटर चालूच राहील ना? त्वचेला इजा झाली तर जबाबदारी कोणाची? संमतीपत्र मराठीत मागा. तुम्ही कधीही बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे बाळाचे उपचार थांबवता येत नाहीत.

वाळूचे घड्याळ आणि मणी

बाळाचे श्वास मोजायचे एक साधन आपल्या विदर्भातच तयार झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने, लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून, एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले 'श्वास मापक' बनवले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर धोका. तेही वापरात आणण्यापूर्वी दायांच्या हाती देऊन तपासले गेले आणि १९९२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

घरी श्वास कसे मोजाल?

बाळ शांत किंवा झोपलेले असताना पोट उघडे करा. मोबाइलवर ६० सेकंद लावा. पोट वर आले की एक. तान्ह्या बाळाचा श्वास कधी भरभर, कधी सावकाश चालतो, म्हणून १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. हे श्वास जलद समजा:

- २ महिन्यांखाली: मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ ते १२ महिने: ५० किंवा जास्त
- १ ते ५ वर्षे: ४० किंवा जास्त

जमत नसेल तर गावातल्या आशाताईंना विचारा. नवजात बाळाच्या गृहभेटीत त्या हेच मोजतात.

यंत्र काहीही दाखवो, लगेच दवाखान्यात या

- श्वास जलद आहेत, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो
- बाळ दूध पीत नाही, फार सुस्त आहे किंवा झटके येतात
- ओठ किंवा जीभ निळसर दिसते, श्वास थांबतो, बाळ कण्हते
- २ महिन्यांखालच्या बाळाचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त, किंवा ३५.५ पेक्षा कमी
- ऑक्सिजन ९० च्या खाली. पाय गरम करून, पट्टा नीट बसवून एकदा पाहा, पण तेवढ्यात निघायची तयारी करा.

१०८ ला फोन करा. पोटावर चटके देणे, अंगारे-धुपारे यांत वेळ घालवू नका.

मोजा घेतला असेल तर जरूर वापरा. त्याने गजर दिला की बाळाकडे पाहा. आणि गजर झाला नाही, पण बाळ बरे दिसत नाही असे आईला किंवा आजीला वाटले, तर रात्र असली तरी घेऊन या. तपासून बाळ ठणठणीत निघाले तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही.