घड्याळात सिम घ्यायचं का? आधी तीन वर्षांचा हिशेब मांडू

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलमध्ये आवाज तुटत होता, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोललेलं थोडं नीट करून लिहिलंय, बाकी गप्पा त्याच.

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, स्मार्टवॉच घेतोय. दुकानदार म्हणतो दहा हजार जास्त टाक आणि सेल्युलरवालं घे, मग फोन घरी ठेवला तरी चालेल. घेऊ का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' मध्ये देता येत नाही. कारण दुकानदार सांगतो ती घड्याळाची किंमत असते. सेल्युलरचा खरा खर्च त्यानंतर दर महिन्याला येत राहतो. मी स्वतः एकदा यात पैसे घालवलेत आणि एकदा अगदी योग्य ठिकाणी खर्च केलेत. दोन्ही गोष्टी सांगतो.

आधी हे चालतं कसं?

सेल्युलर घड्याळात प्लॅस्टिकचं सिम नसतं, ई-सिम असतं. म्हणजे सिमची चिप आतच बसवलेली असते आणि कंपनी तिच्यावर तुमची माहिती नेटवर्कवरून उतरवते. घड्याळाला स्वतःचा आयएमईआय असतो. नेटवर्कच्या दृष्टीने ते एक वेगळं उपकरण आहे, जणू तुमचा दुसरा फोन. फक्त कंपनी तिच्या सिस्टीममध्ये हे दुसरं उपकरण तुमच्या नेहमीच्या नंबरला जोडून देते. म्हणून तुम्हाला फोन आला की फोन आणि घड्याळ दोन्ही वाजतात, आणि घड्याळावरून लावलात तरी समोरच्याला तुमचाच नंबर दिसतो.

आता यातच खर्चाचं मूळ आहे बघा. नंबर एक, पण नेटवर्कवर उपकरणं दोन. त्या दुसऱ्या उपकरणाचे पैसे घ्यायचे की नाही, हे कंपनी ठरवते. अमेरिकेत २०१७ साली ॲपल वॉच सिरीज ३ आलं तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्यांनी महिन्याला १० डॉलर लावले, वर टॅक्स वेगळा. म्हणजे तीन वर्षांत ३६० डॉलर नुसत्या जोडणीचे! भारतात तेच मॉडेल मे २०१८ मध्ये एअरटेल आणि जिओवर आलं. जिओने तेव्हा ही सेवा जादा पैसे न घेता देऊ केली होती. पण ऑफर ही ऑफर असते. आज फुकट आहे म्हणून तिसऱ्या वर्षीही फुकट राहील, असं धरून चालू नका.

सेल्युलर वापरलं कधी जातं?

ही गोष्ट मला घड्याळ घेतल्यावर कळली. फोन जवळ असेल तर घड्याळ ब्लूटूथने फोनलाच चिकटून राहतं. फोन लांब असेल पण ओळखीचं वायफाय असेल तर वायफाय वापरतं. दोन्ही नसेल तरच सेल्युलर चालू होतं. यात बॅटरी वाचते, त्यामुळे पद्धत बरोबरच आहे. पण याचा सरळ अर्थ असा, की फोन कायम खिशात असेल तर तुम्ही दर महिन्याला न वापरलेल्या गोष्टीचे पैसे भरताय.

"पण मी रनिंगला जातो ना!" मान्य. पण किती अंतर धावलात हे मोजायला सेल्युलर लागत नाही. साध्या मॉडेलमध्येही जीपीएस असतं. गाणी आधी डाउनलोड करून ठेवली तर इयरबड्स थेट घड्याळाला जोडून ऐकता येतात. सेल्युलर लागतं ते रस्त्यावर असताना कॉल, मेसेज आणि ऑनलाइन गाण्यांसाठी.

आणि बॅटरी? सिरीज ३ च्या वेळी ॲपलनेच एलटीईवर सुमारे एक तासाचा टॉकटाइम सांगितला होता. नंतरच्या मॉडेलमध्ये सुधारणा झाली, तरी नियम तोच आहे. सेल्युलर बॅटरी खातं, आणि रेंज कमी असेल तिथे आणखी खातं. दिवसभर फोनऐवजी वापरायची ही वस्तू नाही.

आता हिशेब

चला, कागद काढा. आपल्या श्रोत्यासारखा प्रीपेडवाला माणूस धरू.

पहिला खर्च, घड्याळातला फरक. भारतात ॲपल वॉच सिरीज ९ ची सुरुवात साध्या मॉडेलला ४१,९०० आणि सेल्युलरला ५१,९०० रुपयांपासून झाली. सिरीज १० ला ४६,९०० आणि ५६,९००. दोन्हीकडे फरक १० हजार.

दुसरा खर्च कुणी सांगत नाही. घड्याळाची जोडणी बऱ्याचदा पोस्टपेड ग्राहकांनाच मिळते. मग प्रीपेडवरून पोस्टपेडवर जावं लागतं. समजा तुम्ही २९९ रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज मारता. २८ दिवसांचा म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. झाले ३,८८७ रुपये. पोस्टपेडचा प्लॅन समजा ४४९ चा. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीत तो वेगळा असतो, १८ टक्के. म्हणजे बिल ५३० च्या आसपास, वर्षाला ६,३५८. फरक वर्षाला २,४७१ रुपये, तीन वर्षांत ७,४१३.

तिसरा खर्च, घड्याळाचा ॲड-ऑन. समजा महिना १०० रुपये. जीएसटी धरून ११८. तीन वर्षांत ४,२४८.

बेरीज करा: १०,००० + ७,४१३ + ४,२४८ = २१,६६१ रुपये. ३६ महिन्यांनी भागा. महिन्याला साधारण ६०० रुपये.

प्लॅनचे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या कंपनीचं ॲप उघडा, आजचे दर तिथे बसवा. सूत्र तेच राहील.

आता शेवटची पायरी, जी मी घड्याळ घेताना केली नव्हती. या रकमेला भागा तुम्ही महिन्यातून किती वेळा खरोखर फोन घरी ठेवून बाहेर जाता, त्या आकड्याने. महिन्यात १२ वेळा जात असाल तर एका वेळचे ५० रुपये. तुम्हाला परवडतंय? मग घ्या, काहीच हरकत नाही.

मी कुठे चुकलो

मी पुण्यात हिंजवडीला काम करतो. दोन वर्षांपूर्वी बोनस आला आणि मी सेल्युलर मॉडेल घेतलं. डोक्यात चित्र असं, की पहाटे फोनशिवाय धावतोय, एकदम मोकळा. प्रत्यक्षात काय? धावतानाही फोन बरोबरच, कारण परत येताना पोहे खाल्ले की यूपीआय करायला फोन लागतोच! सहा महिन्यांनी मी मोजलं. फोनशिवाय बाहेर पडलो ९ वेळा. त्यातले निम्म्याहून जास्त वेळा फोन विसरलो म्हणून.

माझा नंबर आधीच पोस्टपेड होता, म्हणजे तो खर्च नव्हता. तरी १० हजार आणि ॲड-ऑन धरून महिन्याला ३९६ रुपये. महिन्यातून दीड वेळा वापर, म्हणजे एका वेळचे २६४ रुपये. इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसाने हे गणित आधी करायला हवं होतं.

घड्याळ विकून टाकलं. आणि तिथे दुसरी चूक केली. विकण्याआधी घड्याळ रिसेट केलं, प्लॅन काढून टाकला, वाटलं संपलं. पण घड्याळातून प्लॅन काढणं वेगळं आणि कंपनीकडे तो बंद करणं वेगळं. पुढचे चार महिने बिलात ११८ रुपयांची ओळ येतच होती. ऑटो-पे असल्यामुळे मी बिल उघडूनही बघत नव्हतो. ४७२ रुपये गेले. रक्कम मोठी नाही, पण चिडचिड झाली.

आणि मग बाबा

माझे बाबा नाशिकला असतात, निवृत्त आहेत. रोज सकाळी फिरायला जातात आणि फोन घरी चार्जिंगला. "फिरायला जाताना खिशात ती वीट कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गेल्या वर्षी एका सकाळी त्यांना चक्कर आली. बाकावर बसले. शेजारच्या काकांनी फोन पुढे केला, पण बाबांना आईचा नंबर आठवेना. आपल्यापैकी किती जणांना घरच्यांचे नंबर पाठ आहेत, सांगा बरं? पाऊण तासाने ते स्वतःच रिक्षाने घरी आले. तोपर्यंत आईचं काय झालं असेल, ते मी सांगायला नको.

ताई म्हणाली, घड्याळ घेऊ. न्यू जर्सीचा आमचा मावसभाऊ म्हणाला, "मी येताना आणतो, इथे स्वस्त पडतं." इथे मी थांबवलं. ॲपल अनेक सिरीजमध्ये वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळ्या बँडची सेल्युलर मॉडेल विकतं. अमेरिकेतलं घड्याळ इथे वेळ दाखवेल, पावलं मोजेल, पण भारतीय नेटवर्कवर त्याचं सेल्युलर चालू होईलच याची खात्री नाही. ज्या एका कारणासाठी घ्यायचं, तेच बंद! सेल्युलर घड्याळ जिथे वापरायचं तिथेच विकत घ्या.

मग बाकीच्या अडचणी. ॲपल वॉच अँड्रॉइडला जोडत नाही, आणि सॅमसंगचं गॅलक्सी वॉच ४ किंवा त्यानंतरचं आयफोनला जोडत नाही. बाबांकडे अँड्रॉइड होता. माझा जुना आयफोन पडून होता म्हणून आम्ही ॲपल वॉच एसई घेतलं. त्यात साध्या आणि सेल्युलर मॉडेलमधला फरक ५ हजारांचा. शिवाय फोन आणि घड्याळ एकाच कंपनीच्या नेटवर्कवर लागतात. बाबांचा नंबर प्रीपेड, तोही दुसऱ्या कंपनीचा. आधी पोर्ट केला, मग पोस्टपेड, मग घड्याळाची जोडणी. हे सगळं क्रमाने करा. आधी घड्याळ जोडून नंतर पोर्ट केलंत तर जोडणी पुन्हा करावी लागते.

आता बाबांचं गणित तेच आकडे धरून करू. ५,००० + ७,४१३ + ४,२४८ = १६,६६१. महिन्याला ४६३ रुपये. ते महिन्यातले २६ दिवस तरी फोनशिवाय फिरतात. एका फेरीचे १८ रुपये. माझ्या २६४ रुपयांपुढे हे १८ रुपये बघा. तंत्रज्ञान तेच, बदलली ती फक्त माणसाची सवय.

भरवसा ठेवण्याआधी हे माहीत हवं

पहिलं. फोन घरी बंद पडला तरी सेल्युलर ॲपल वॉचवर कॉल येतात-जातात. पण साधे एसएमएस आणि इतर ॲपची नोटिफिकेशन्स घड्याळावर येण्यासाठी घरचा फोन चालू आणि नेटवर्कवर असावा लागतो. म्हणून बाबांचा फोन घरी चार्जिंगलाच राहतो, बंद करत नाही.

दुसरं. पडल्याचं ओळखणारी सोय, म्हणजे फॉल डिटेक्शन, ५५ किंवा त्याहून जास्त वय नोंदवलं असेल तर आपोआप चालू होते. त्यामुळे सेटअप करताना जन्मतारीख खरी टाका. आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरा. ते रिकामे ठेवलेले मी खूप पाहिलेत.

तिसरं. ॲपलच्या म्हणण्यानुसार सिरीज ५ पासूनची सेल्युलर मॉडेल प्लॅन चालू नसतानाही बहुतेक देशांत तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला कॉल लावू शकतात. आपल्याकडे तो ११२. पण घरच्यांना फोन लावायचा असेल तर प्लॅन हवाच.

दुकानात जाण्याआधी कंपनीला विचारायचे प्रश्न

१. माझ्या आत्ताच्या प्लॅनवर घड्याळ जोडता येतं का, की पोस्टपेड घ्यावं लागेल?
२. महिन्याचे पैसे जीएसटी धरून किती? आता फुकट असेल तर कधीपर्यंत?
३. मला हवं ते नेमकं मॉडेल तुमच्या यादीत आहे का?
४. घड्याळ परदेशात रोमिंगवर चालेल का, आणि त्याचे पैसे वेगळे का?
५. बंद कसं करायचं? ॲपमधून, की कॉल करून?

उत्तरं चॅटवर घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर ऐकलेलं नंतर सिद्ध करता येत नाही.

साताऱ्याच्या मित्रा, तुला एकच काम देतो. आजपासून तीन आठवडे, फोन मुद्दाम घरी ठेवून बाहेर गेलास की नोट्समध्ये एक टिंब टाक. टिंबं दहाच्या खाली आली तर साधं मॉडेल घे आणि उरलेल्या दहा हजारांत चांगले बूट घे.

बाबांनी घड्याळावरून पहिला फोन कुणाला केला माहितीये? आईला, गेटपासून शंभर पावलांवरून. "अगं, येताना दूध आणायचंय का?" आई म्हणाली, "आणा, पण पैसे घेतलेत का?" घेतले नव्हते. ती सोय अजून झालेली नाही!

चला, तुमच्या टिंबांचे आकडे व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात.