नाताळची नानकटाई : लोणी नको, अंडे नको, काजूही नको

दिवाळीची गर्दी ओसरली की आपल्या बेकरीवाल्यांना नाताळचे वेध लागतात. जोगेश्वरीला लागूनच आंबोली आहे, पलीकडे मरोळ आहे, वांद्रेही फार लांब नाही. या सर्व ठिकाणी ख्रिस्ती वस्ती जुनी आहे आणि त्यांच्या नाताळच्या ताटात कुलकुल, नेवऱ्या, मार्झिपान यांच्या शेजारी नानकटाईलाही मान असतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये ऑर्डरी येतात हे नवीन नाही. नवीन आहे ती ऑर्डर देणाऱ्याची भाषा. गेल्या काही वर्षांपासून गिऱ्हाईक विचारते, "चाचा, यात दूध-लोणी नाही ना? काजू-बदाम लागलेला नाही ना?" आणि आमचे चाचा पाव मोजता मोजता उत्तर देतात, "नाही ताई, बिनधास्त न्या."

या 'बिनधास्त न्या'विषयी आम्हाला आज चार शब्द लिहायचे आहेत.

आधी गिऱ्हाईक काय मागते ते समजून घेऊ. 'व्हेगन' म्हणजे प्राण्यापासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाणारा. मांस-मासे तर नाहीच, पण दूध, तूप, लोणी, अंडे, मधही नाही. आपल्याकडील पाकिटावरचा हिरवा ठिपका येथे पुरत नाही, कारण दूध-तूप असलेल्या मालालाही हिरवा ठिपकाच लागतो. दुसरा गिऱ्हाईक निराळा. त्याला किंवा त्याच्या मुलाला शेंगदाणा, काजू, पिस्ता यांची ॲलर्जी असते. पहिल्याची बाब तत्त्वाची आहे, दुसऱ्याची जिवाची. ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याचा घसा कणभर काजूनेही सुजतो, श्वास अडतो, रक्तदाब एकदम खाली येतो आणि तातडीने उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. दोघांची मागणी एकाच चिठ्ठीवर आली तरी आपली जबाबदारी एकसारखी नाही, हे कारागिराच्या लक्षात आणून दिले पाहिजे.

आता गंमत पाहा. आपली साधी, गल्लीतील बेकरीत पाच पिढ्या चाललेली वनस्पती तुपातील नानकटाई ही मुळातच बहुतांशी व्हेगन आहे. मैदा, पिठीसाखर, वनस्पती, थोडे बेसन, रवा, वेलची, सोडा. त्यात ना अंडे, ना लोणी. नानकटाईचे मूळ सुरतेचे सांगतात. डचांसाठी पाव भाजणारी तेथील एक बेकरी पुढे फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थाकडे आली. डच गेल्यावर पावाला उठाव राहिला नाही, कारण त्यात ताडीचे खमीर व अंडी असत आणि स्थानिक लोक ती खात नसत. तेव्हा ताडी व अंडी वगळून सुकी बिस्किटे भाजण्यास सुरुवात झाली, अशी कथा आहे. म्हणजे गिऱ्हाईकाला जे चालत नाही ते वगळून धंदा वाढवणे ही या मालाची जुनीच रीत म्हणायची.

तेव्हा अडचण कृतीत फारशी नाही. तरीही एक प्रमाण देतो, कारण घरगुती काम करणाऱ्या आमच्या भगिनीही हे पान वाचतात. मैदा ७५० ग्रॅम, बेसन १५० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, पिठीसाखर ५०० ग्रॅम, वनस्पती ५७० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, बेकिंग पावडर ५ ग्रॅम, खाण्याचा सोडा ३ ग्रॅम, वेलची व जायफळ चवीपुरते. वनस्पती व साखर परातीत हाताने पांढरी, हलकी होईपर्यंत फेसावी. हीच खरी मेहनत आहे. येथे घाई केली की खटाई दगडासारखी होते. मग चाळलेली पिठे घालून फक्त एकत्र आणावी, कणकेसारखी तिंबू नये. २५ ग्रॅमचा एक गोळा धरला तर सुमारे ८० नग होतात. १६० ते १७० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटे पुरतात. जायफळाबद्दल गिऱ्हाईक हमखास विचारते. इंग्रजी नावात 'नट' असले तरी ते बी आहे, काजू-बदामाच्या वर्गातले नव्हे.

लोण्याच्या बिस्किटाची कृती बदलायची असेल तर मात्र सावध. लोण्यात स्निग्धांश सुमारे ८० टक्के आणि उरलेले मुख्यतः पाणी. वनस्पतीत जवळजवळ सगळाच स्निग्धांश. म्हणून १ किलो लोण्याऐवजी १ किलो वनस्पती घातली की बिस्किट पत्र्यावर पसरते आणि तोंडात तेलकट लागते. ८०० ग्रॅम वनस्पती आणि १५० ग्रॅम पाणी किंवा सोया दूध असा हिशेब धरावा. मिठाचे लोणी बदलत असाल तर २० ग्रॅमच्या आसपास मीठही वाढवावे. कोणी खोबरेल तेल वापरतात. ते २४ अंशांच्या आसपास वितळते. डिसेंबरमध्ये आपल्याकडे पहाटे ते डब्यात गोठलेले आणि दुपारी पातळ, असा प्रकार होतो. त्यामुळे वळलेले पत्रे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच भाजावे.

चरबी कशाची, हा प्रश्न आपल्या वाचकांना कोणी शिकवायला नको. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेल्या गुरांच्या चरबीची भेसळ झाल्याचे प्रकरण देशभर गाजले, ते जुन्या दुकानदारांना आठवत असेल. हलाल पाहणारा आणि व्हेगन पाहणारा, दोघेही डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचतात. मार्गारिनमध्ये कधी दुधाची पावडर असते. इमल्सिफायर वनस्पतीचा आहे की प्राण्याचा, ते नुसत्या क्रमांकावरून कळत नाही. 'ड' जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासूनही काढले जाते. लोण्याच्या वासाचे एसेन्स तर विचारल्याशिवाय घेऊच नये. घाऊक व्यापाऱ्याकडून लेखी उत्तर मागावे, नाही दिले तर माल बदलावा. ट्रान्स फॅटही पाहावे. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात आणि त्यापासून केलेल्या पदार्थांतील स्निग्धांशात त्याची मर्यादा २ टक्के झाली आहे. सुटी, बिननावाची वनस्पती स्वस्त मिळते म्हणून घेणारा या नियमात कधीही अडकू शकतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. आमच्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याने मागे एका शाळकरी मुलाच्या आईला सुक्यामेव्याविना खटाई भाजून दिली. मालात खरोखरच सुकामेवा नव्हता. पण त्याच लाकडी फळीवर तासाभरापूर्वी पिस्ता कातरला होता. मुलाच्या ओठांना सूज आली. औषध जवळ होते, मूल वाचले. बाई भांडायला आल्या नाहीत, नुसता डबा परत ठेवून गेल्या. त्या गृहस्थांना त्याचेच जास्त लागले. ते खोटे बोलले नव्हते. फक्त 'माझ्या मालात नाही' आणि 'माझ्या बेकरीत लागलेले नाही' यांतला फरक त्यांना ठाऊक नव्हता.

भट्टीच्या आचेने सगळे शुद्ध होते, ही समजूत सोडावी. ॲलर्जी प्रथिनामुळे होते आणि शेंगदाण्याचे प्रथिन भाजल्याने निकामी होत नाही, उलट अधिक तीव्र होते. हात नुसते सॅनिटायझरने पुसूनही ते जात नाही. साबण आणि वाहते पाणी लागते. लाकडी फळीच्या फटीत पीठ राहतेच, म्हणून अशा ऑर्डरीसाठी पत्र्याची किंवा स्टीलची वेगळी फळी, वेगळी परात, वेगळी चाळण आणि वेगळे पत्रे ठेवावे. चाळणीकडे आमचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अशी घाणी दिवसातील पहिली असावी, सर्व धुऊन झाल्यावर, आणि ती भाजून बंद होईपर्यंत सुक्यामेव्याचे पोते उघडू नये. बेसन दळून आणत असाल तर गिरणीत त्याआधी शेंगदाणा दळला होता का ते विचारावे. आणि चारोळी! खटाईवर चारोळीचा दाणा टेकवायची आपल्या कारागिरांची सवय इतकी जुनी आहे की 'नट नाही' म्हणतानाही तो बसवला जातो. चारोळी ही काजू-पिस्त्याच्याच कुळातील आहे. ती येथे चालणार नाही. शेंगदाणा शेंगवर्गीय असला तरी ॲलर्जीच्या यादीत तो आहेच. नारळाबद्दल मतभेद आहेत, म्हणून वापरला असेल तर सांगून मोकळे व्हावे.

हे सर्व जमत नसेल तर? जेथे रोज काजूची बिस्किटे निघतात, जागा एका खोलीची आहे, तेथे ते जमणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा ऑर्डर नाकारावी, किंवा स्पष्ट सांगावे की मालात सुकामेवा घातलेला नाही, पण याच जागी तो वापरला जातो. पाकिटावर लिहिण्याचा नियमही हेच सांगतो. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे गहू, दूध, अंडे, शेंगदाणा, सुकामेवा, सोया इत्यादी पदार्थ असल्यास ते स्पष्ट नमूद करावे लागतात आणि मिसळण्याचा संभव असल्यास तोही सांगायचा असतो. म्हणजे मैद्याच्या खटाईवर गहू आणि सोया दूध घातल्यास सोया लिहायलाच हवे. 'व्हेगन' या शब्दासाठी तर २०२२ पासून स्वतंत्र नियम आहेत. तो शब्द व त्याचे चिन्ह अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय छापता येत नाही. लहान बेकरीने या फंदात न पडता घटकांची खरी यादी लावावी. ती वाचून गिऱ्हाईक स्वतः ठरवते.

भट्टीचाही प्रश्न येथे जोडूनच येतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनावर जाण्याचा आदेश दिला. मोडक्या फर्निचरच्या लाकडावर भट्ट्या चालवणाऱ्यांना हा खर्च जड आहे, यात शंका नाही. पूर्वी पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर खटाई फुकटात भाजून व्हायची, ती सोयही गेली. मात्र विजेचा चार पत्र्यांचा छोटा ओव्हन ज्यांनी मोठ्या ओव्हनशिवाय वेगळा घेतला आहे, त्यांना तो केवळ अशा मालासाठी राखून ठेवता येतो, आणि तापमान आकड्यात दिसत असल्याने नवशिका पोऱ्याही खटाई करपवत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा नोंदणीकृत दुकानदाराने जुना दर लावून बिल फाडू नये.

दर ठरवताना धुण्याचा तास, वेगळ्या भांड्यांचा खर्च आणि अर्धवट भरलेली घाणी हे सर्व धरावे. अर्ध्या किलोच्या चार ऑर्डरी एकाच सकाळी बांधल्या तर परवडते. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच वार ठरवून पाटी लावावी की अशी खटाई अमुक दिवशीच मिळेल. आपल्या आया-बहिणी पूर्वी मैदा, साखर, तुपाचे डबे घेऊन बेकरीत येत आणि समोर बसून भाजून नेत. ती पद्धत या गिऱ्हाईकाला फार पसंत पडते असा आमचा अनुभव आहे. माल त्याचा, डबा त्याचा, भाजणावळ आपली. फक्त पत्रे धुतलेले हवेत, आणि ते धुतले कोणी आणि कधी हे वहीत लिहिलेले हवे.