सुट्टीतले संशोधक

कॉलेजातल्या प्राध्यापकाला 'रिफ्रेशर' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दोन-तीन आठवडे व्याख्यानं ऐकायची, शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो काढायचा आणि प्रमाणपत्र फायलीला लावायचं. 'कॅस'खाली बढतीचा प्रस्ताव गेला की ते बाहेर निघतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर यासाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पुढे ती मनुष्यबळ विकास केंद्रं झाली, आता मालवीय मिशन. पाट्या बदलल्या, फोटो तसाच.

त्याच सुमारास, १९८८ साली, पुणे विद्यापीठाच्या आवारात जयंत नारळीकरांनी 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. पाहुण्यांना चार्ल्स कोरियांची वास्तू, फूकोचा लंबक, आर्यभट-न्यूटनचे पुतळे लक्षात राहतात. मला मात्र तिथली व्हिजिटिंग असोसिएट ही योजना जास्त महत्त्वाची वाटते. विद्यापीठात किंवा कॉलेजात शिकवणाऱ्याची तीन वर्षांसाठी निवड होते. जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च संस्था करते. सुट्टी लागली की पुणं गाठायचं, ग्रंथालय, संगणक वापरायचा, अडलेलं गणित तिथल्या कुणापुढे ठेवायचं, जून उजाडला की परत आपल्या वर्गात. पुढच्या सुट्टीत पुन्हा तिथेच, त्याच माणसांत. खरी गोम या 'पुन्हा'त आहे. संशोधनात जम बसायला वर्षं जातात, पंधरवड्यात फक्त ओळखी होतात.

२०१७ साली मीन राशीच्या दिशेला 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह सापडल्याचं जाहीर झालं. अंतर सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षं. आयुका आणि पुण्याच्या आयसरच्या बरोबरीने त्या चमूत जमशेदपूरची एनआयटी होती, तसंच केरळातल्या थोडुपुझाचं न्यूमन कॉलेजही. माहिती स्लोन सर्वेक्षणाची, म्हणजे जगाला खुली असलेली. दुर्बीण दारात असायची गरज नव्हती, सोबत हवी होती.

उलट नुसते गुण मोजले की काय होतं, तेही आपण पाहिलं. २०१० साली प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारा एपीआय आला आणि पेपर छापून देणारी दुकानं फोफावली. विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत शिरलेली हजारेक नियतकालिकं भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली. २०१८च्या 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी मांडलं, की त्यांतली ८८ टक्के निकृष्ट होती. सामंजस्य करारांचंही तेच. कॉलेजाच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायलीत एमओयू मोजले जातात, मग सह्या होतात, शाली दिल्या जातात, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना फोनसुद्धा करत नाहीत.

प्रत्येक विषयाची आयुका काढणं सोपं नाही, खर्चाचं तर आहेच. पण अडचण त्याआधीच सुरू होते. ड्यूटी लीव्ह मागितली की प्राचार्यांचा पहिला प्रश्न असतो, प्रॅक्टिकल कोण घेणार? जागा भरलेल्या नसतात, त्यामुळे उत्तरही नसतं. सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकाला तर तासाचे पैसे मिळतात. तो पुण्याला गेला, तर ते दिवस बिनपगारी.