दुसरे चित्र कोणते?

जुने अल्बम चाळताना एखादा तरी चमत्कारिक फोटो हाती लागतोच. बारशाच्या पाळण्यातून कोणाचा तरी भला मोठा हात बाहेर आलेला असतो, नाहीतर गणपतीच्या आराशीवर काकांची टोपी तरंगत असते. बॉक्स कॅमेऱ्याच्या दिवसांत हे सर्रास घडे. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या तांबड्या खिडकीत आकडा पाहून रोल पुढे सरकवायचा असे. फोटो काढणारा नेमका तेवढे विसरे. मग एकाच चौकटीवर दोनदा प्रकाश पडे आणि १२ फोटोंतला एक ‘फुकट’ जाई. या फुकट गेलेल्या फोटोलाच डबल एक्स्पोजर म्हणतात. आणि गंमत अशी, की छायाचित्रण शिकणाऱ्या मुलांकडून तो मुद्दाम करून घेतला जातो.

प्रकल्प ऐकायला सोपा आहे. एका माणसाचे व्यक्तिचित्र टिपायचे आणि त्याच चौकटीत दुसरे एक चित्र मिसळायचे. पहिल्या चित्राचे ठीक आहे, समोर माणूस असतो. सगळे अडते ते दुसऱ्यापाशी. कोणते चित्र? आणि तेच का?

त्यामागचे तंत्र तसे घरगुती हिशेबाचे आहे. फिल्मवर जिथे प्रकाश पडला ती जागा भरली, जिथे काळोख राहिला ती अजून कोरी. माणसाला उजळ आकाशासमोर उभे केले आणि त्याची आकृती काळी येऊ दिली, की आकाशाची जागा भरून जाते. तिथे पुढचे काही उमटत नाही. आकृतीची पाटी मात्र कोरी राहते. मग त्याच फिल्मवर झाडाच्या फांद्या टिपल्या, तर त्या फक्त त्या माणसाच्या आत उगवतात. दोन्ही चित्रे सारखीच दिसायला हवी असतील, तर प्रत्येकाला निम्माच प्रकाश द्यायचा, नाहीतर सगळे पांढरेफटक होते. हाताने चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत तळाचे बटण दाबून, रोल गुंडाळायची कळ घट्ट धरून शटर पुन्हा चढवावे लागे. निकॉन एफएम-२ सारख्या कॅमेऱ्यात त्यासाठी वेगळी दांडीच होती. डिजिटल कॅमेऱ्यांपैकी अनेकांत ही सोय आयतीच मिळते. फोटोशॉपमध्ये १९९४ साली एकावर एक थर रचण्याची सोय आली, तेव्हापासून हे काम टेबलाशी बसूनही होते.

तंत्र इतके सोपे, म्हणूनच त्याचा गैरवापरही लवकर झाला. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात विल्यम ममलर नावाचा कोरीवकाम करणारा माणूस फोटो काढू लागला. त्याच्या फोटोंत गिऱ्हाइकाच्या मागे एक पुसट आकृती दिसे आणि ती मृत आप्ताची आहे असे सांगितले जाई. तिकडे यादवी युद्धामुळे घरोघरी सुतक होते. माणसे पैसे मोजत आणि रडत घरी जात. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. अशा आकृत्या कशा आणता येतात हे जाणकारांनी सांगितले, पण पुरावा अपुरा म्हणून तो सुटला. पुढे लिंकनच्या विधवा पत्नीनेही त्याच्याकडून फोटो काढून घेतला. त्यात तिच्या खांद्यांवर लिंकनचे हात आहेत. ममलरचे दुसरे चित्र गिऱ्हाइकाच्या दुःखाकडे पाहून निवडलेले होते, पण ते धंद्यासाठी.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने १८७७ च्या सुमारास याच युक्तीला शास्त्राचा साज चढवला. अनेक कैद्यांचे चेहरे एकाच काचेवर थोडाथोडा वेळ टिपून ‘गुन्हेगाराचा नमुना’ शोधायचा, असा त्याचा बेत. निघाला तो एक बऱ्यापैकी सौम्य चेहरा. एकेकाचा वाईटपणा पुसला जाऊन सामाईक माणूसपण उरते, हे त्याला स्वतःलाच नोंदवावे लागले.

मग दुसरे चित्र प्रामाणिक कधी होते? रशियन चित्रकार एल लिसिट्झ्की १९२४ मध्ये क्षयावर उपचार घेण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये होता. त्या वर्षीच्या आत्मचित्रात त्याने आपल्या चेहऱ्यावर आपलाच हात मिसळला. हातात कंपास, मागे आलेखाचा कागद, आणि तळव्यातून पाहणारा डोळा. पाहणे आणि करणे हेच ज्याचे आयुष्य, त्याने दुसरे चित्र बाहेरून आणले नाही.

शिकागोत बाउहाउसच्या मोहोली-नाग्यने १९३७ मध्ये कलाशाळा सुरू केली. एकाच फिल्मवर अनेक चित्रे घेणे हा तिथल्या अभ्यासाचाच भाग होता. १९४६ पासून तिथे हॅरी कॅलहन शिकवत असे. स्वतः मात्र कोणत्याही शाळेत न शिकता छायाचित्रकार झालेला. त्याने पत्नी एलिनॉर हिचे वर्षानुवर्षे फोटो काढले. त्यांतल्या काहींत तिची आकृती आणि गवत, झाडोरा एकमेकांत विरघळले आहेत. ते पाहताना युक्ती आठवत नाही. ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याच्याविषयी काही सांगितले जाते आहे एवढेच जाणवते.

आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतही ही कला नांदली. भिंगाचा अर्धा भाग झाकून एकाच माणसाला चौकटीत दोनदा बसवायचे, म्हणजे सिनेमासारखा ‘डबल रोल’. ख्रिस्तोफर पिनी या अभ्यासकाने मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या अशा फोटोंवर १९९७ च्या ‘कॅमेरा इंडिका’ या पुस्तकात लिहिले आहे. आपण अशा फोटोंना हसतो. पण त्यात दुसरे रूप कोणते, हे ठरवण्यात फोटोत बसणाऱ्याचाही वाटा असे.

आज नेमके हेच हरवते. २०१४ मध्ये ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या अमेरिकन मालिकेच्या नामावलीत चेहऱ्यांत रस्ते आणि कारखाने मिसळले होते. त्यानंतर या शैलीची लाटच आली. चाळीत वाढलेल्या मुलाच्या डोक्यात त्याने कधी न पाहिलेले देवदारांचे वन उगवू लागले. दिसायला सुंदर, पण ते कोणाच्याही डोक्यावर बसवता येते.

म्हणून प्रकल्पाची खरी सुरुवात कॅमेरा बंद ठेवून व्हावी. समजा, आजीचा फोटो काढायचा आहे. सुरकुत्या पाहून मुलाला झाडाची साल सुचेल. पण तासभर तिच्याजवळ बसून विचारले, तर कदाचित धरणात गेलेले माहेर निघेल. मग साल गळून पडेल आणि आकृतीत पाणी येईल. त्यासाठी धरणावर जावे लागेल, आटलेल्या पाण्यात देवळाचा कळस दिसतो का हे पाहावे लागेल. किंवा आजी म्हणेल, “ते नको रे, माझं शिवणयंत्र घे.” तेही मान्य करावे. कपाळावर काय उमटवायचे, हे ज्याचे कपाळ त्याला विचारलेले बरे. आणि फोटो वर्गात लावण्याआधी तिला दाखवावा. तिने नको म्हटले, तर तो लावू नये.

बोटाच्या एका स्पर्शाने दोन चित्रे मिसळणारी साधने आता खिशात आहेत, त्यामुळे निव्वळ करामतीला गुण देण्यात अर्थ नाही. गुण द्यायचे ते पहिला आणि दुसरा फोटो यांच्यामध्ये गेलेल्या वेळाला. घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी या सुट्टीत “तुमचा फोटो काढू का?” म्हणून आली, तर केस विंचरायला धावू नये. आधी चहा टाकावा आणि निवांत बसावे.