छप्पन पट डेटा, अडीच पट पैसा

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्यामधे आता पांढऱ्या डब्यांची रांग उभी आहे. घरटी एक डबा. हवेतून येणारे ब्रॉडबँड. २०२३ च्या गणेश चतुर्थीला जिओने एअरफायबर आणले. एअरटेलने महिनाभर आधीच मुंबई-दिल्लीत सुरुवात केली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी परवा तिथे उभे राहून ते डबे मोजले आणि मला म्हणाले, "अकरा! वर्षापूर्वी दोन होते. पोरं दिवसभर रील बघतात. असल्या धंद्यातली कंपनी बुडेलच कशी? एक एफडी मोडून शेअर घ्यावेत म्हणतो."

काकांचा हिशेब चुकीचा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा असा.

गैरसमज : वापर वाढतोय, म्हणजे नफा वाढणारच

दूरसंचार नियामक ट्रायने २०१९ साली वायरलेस डेटावर एक अहवाल काढला होता. २०१४ मध्ये देशाने मोबाइलवर वर्षभरात सुमारे ८३ कोटी जीबी डेटा वापरला. २०१८ मध्ये ४,६४० कोटी जीबी. म्हणजे ५६ पट. आता कंपन्यांना या डेटापोटी मिळालेले पैसे पाहा : २०१४ मध्ये २२,२६५ कोटी रुपये, २०१८ मध्ये ५४,६७१ कोटी. जेमतेम अडीच पट. मधल्या काळात एका जीबीचा सरासरी भाव २६९ रुपयांवरून ११ रुपये ७८ पैशांवर आला होता.

भाव इतका का कोसळला, हे समजायला स्वारगेटला जाऊन उभे राहावे. सुटायला पाच मिनिटे उरलेली, अर्धी रिकामी खासगी बस. डिझेल, ड्रायव्हर, टोल, सगळा खर्च ठरलेला. आणखी एक माणूस चढला तर वेगळे काहीच लागत नाही. म्हणून क्लीनर आधी पाचशे सांगतो, मग चारशे, शेवटी "चला, तीनशे द्या, बसा". टॉवर, फायबर आणि हवेतल्या लहरींचे (स्पेक्ट्रमचे) पैसे एकदा ओतून झाले की पुढचा जीबी पाठवायला कंपनीला जवळजवळ काही लागत नाही. शेजारी तशीच दुसरी बस उभी असेल तर भाव तळाला जाणारच. त्यात जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. म्हणजे प्रवाशाच्या हातात सामानही नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली तेव्हा नेमके हेच घडले. ग्राहक म्हणून आपली दिवाळी झाली. भागधारकांच्या घरी त्या वर्षांत काय शिजत होते, ते पुढे येईलच.

मग भाव वाढले कधी? बसवाले कमी झाल्यावर. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या. एअरटेलला एका ग्राहकामागे महिन्याला मिळणारी सरासरी रक्कम २०१९ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत १२८ रुपये होती, २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत २४५ झाली. या रकमेला बाजारात 'आरपू' म्हणतात. माझ्या मते या धंद्यात एकच आकडा बघायची सवलत मिळाली तर हा बघावा. गच्चीवरचे डबे मोजून तो कळत नाही.

गैरसमज : ज्याचे ग्राहक जास्त, ती कंपनी भक्कम

ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या तेव्हा त्यांचे मिळून सुमारे ४०.८ कोटी ग्राहक होते. देशात पहिला नंबर. आज त्यातले निम्मेच उरले आहेत.

शिवाय 'ग्राहक' या शब्दातच गंमत आहे. २०१२ च्या मध्यात भारतात ९३ कोटी मोबाइल जोडण्या होत्या. त्याच डिसेंबरअखेर त्या ८६ कोटींवर आल्या. माणसे मेली नव्हती, मोबाइलही फेकले नव्हते. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली सिमकार्डे कंपन्यांनी यादीतून काढली, इतकेच. म्हणून ट्राय दर महिन्याला खरोखर चालू असलेल्या जोडण्यांचा आकडा वेगळा देते. जाहिरातीत बहुधा दुसराच छापलेला असतो.

गैरसमज : आठ-दहा रुपयांचा शेअर, जाऊन जाऊन किती जाणार?

काकांचे मन खरे इथेच अडकले होते, आणि ते एकटे नाहीत. शेअर स्वस्त की महाग हे त्याच्या किमतीवरून कळत नाही. एकूण शेअर किती आहेत, तेही पाहावे लागते.

व्होडाफोन आयडियाचेच गणित मांडू. विलीनीकरणानंतर कंपनीचे सुमारे ८७३ कोटी शेअर होते. २०१९ मध्ये राइट्स इश्यू आला, साडेबारा रुपयांनी २,००० कोटी नवे शेअर. २५,००० कोटी रुपये उभे राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने आपल्या येण्यापोटी दहा रुपयांच्या भावाने १,६१३ कोटी शेअर घेतले. एप्रिल २०२४ मध्ये लोकांना अकरा रुपयांनी शेअर विकून आणखी १८,००० कोटी आणले. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सरकार : ३६,९५० कोटींच्या देण्याचे ३,६९५ कोटी शेअर. इतरांनाही अधूनमधून दिलेले धरून एकूण संख्या १०,८०० कोटींच्या पुढे गेली. सात वर्षांत बारा पटींहून जास्त. भाकरीत थोडी भर पडली हे खरे, पण पंगत बारा पट झाली. आता 'दहा रुपयांचा' शेअर म्हणजे सगळी कंपनी एक लाख कोटींहून अधिक किमतीची. ती स्वस्त की महाग यावर वाद घालता येईल. दहा रुपये या आकड्यावरून मात्र घालू नये.

उलटे उदाहरण नावातच महाराष्ट्र असलेले आहे. टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) चा शेअर मार्च २०२० मध्ये दोन-अडीच रुपयांना होता. मोबाइलचा व्यवसाय त्याआधीच, २०१९ मध्ये, एअरटेलकडे गेला होता. हाती उरले होते उद्योगांना फायबर जोडण्या देण्याचे काम. तरी जानेवारी २०२२ मध्ये शेअर २९० रुपयांच्या घरात पोचला. त्या वेळी कंपनीची निव्वळ संपत्ती उणे होती. त्याच महिन्यात, सरकारी थकबाकीच्या व्याजाचे शेअरमध्ये रूपांतर करू अशी घोषणा झाली आणि रोज खालचे सर्किट लागू लागले. विकायला रांग, घ्यायला कुणी नाही. पुढे कंपनीने तो बेत सोडला, पण दर काही परत आला नाही.

गैरसमज : आता सरकारच भागीदार आहे, मग कसली भीती?

मुंबईकराने तरी हे म्हणू नये. १९८६ मध्ये स्थापन झालेली एमटीएनएल ही मुंबई आणि दिल्लीची टेलिफोन कंपनी. नवरत्न दर्जा, एकेकाळी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी, सरकारचा वाटा ५६ टक्के. घरात फोन यावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिलेली कंपनी. देशातली पहिली थ्री-जी सेवाही तिनेच, डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत सुरू केली.

मग २०१० चा लहरींचा लिलाव झाला. एमटीएनएलने बोली लावली नव्हती, पण खासगी कंपन्यांनी जो भाव चढवला तोच तिलाही भरावा लागला : थ्री-जी आणि ब्रॉडबँडच्या लहरी मिळून सुमारे ११,००० कोटी रुपये. ते कर्ज काढून भरले. ब्रॉडबँडचे पैसे सरकारने पुढे परत केले, पण तोवर व्याजाचे चक्र सुरू झाले होते. अलीकडे या कंपनीने बँकांचे हप्ते थकवले आहेत. सरकार इथे भागधारक आहेच, लहरींचा विक्रेताही तेच आणि वसुलीदारही तेच. या तीन भूमिकांत भागधारकाची भूमिका नेहमी पहिली येईल, असे कुठे लिहिलेले नाही.

वसुलीदाराचे रूप २४ ऑक्टोबर २०१९ ला सगळ्यांनी पाहिले. परवाना शुल्क मोजताना कंपनीचे नेमके कोणते उत्पन्न धरायचे? फक्त फोनचे, की भाडे, व्याज, लाभांशही? हा वाद चौदा-पंधरा वर्षे चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. मूळ रकमेवर व्याज, दंड आणि दंडावरचे व्याज चढत गेले होते. निकालानंतर जाहीर झालेल्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या हिशेबात व्होडाफोन आयडियाने ५०,९२२ कोटींचा तोटा दाखवला, तोवरचा भारतीय कंपन्यांमधला विक्रम. एअरटेलचा तोटा २३,०४५ कोटी. ताळेबंदाच्या शेवटी बारीक अक्षरात 'संभाव्य देणी' नावाची टीप असते, ती कुणी वाचत नाही. वाचावी.

गैरसमज : वायरलेस म्हणजे वायरचा खर्च वाचला

गच्चीवरच्या डब्यापासून टॉवरपर्यंत वायर नाही, हे कबूल. पण टॉवरपासून पुढे? एवढा डेटा वाहायचा तर टॉवरपर्यंत शेवटी फायबर न्यावीच लागते. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी, खोदाईचे शुल्क, मग पावसाळ्यात दुसऱ्याच कुणाच्या जेसीबीने ती तोडणे, हे सगळे आलेच. वर हवेतल्या लहरी सामायिक असतात. फायबरवर तुमच्या घराला जवळजवळ तुमची स्वतःची गल्ली असते; हवेत मात्र एका टॉवरखालची सगळी घरे एकाच रस्त्यावर. मोबाइलवाला दिवसभरात जेवढा डेटा ओढतो, तेवढा टीव्हीवर क्रिकेट लावलेले घर एका संध्याकाळीच संपवते. डबे वाढले की त्याच परिसरात आणखी टॉवर, आणखी लहरी लागतात.

आणि लहरी फुकट नाहीत. २०२२ च्या लिलावात १,५०,१७३ कोटींची विक्री झाली, त्यातल्या ८८,०७८ कोटींच्या एकट्या जिओने घेतल्या. मुदत वीस वर्षे, मग पुन्हा लिलाव.

गैरसमज : 'एबिटा' भरघोस आहे, म्हणजे कंपनी कमावते

तुमच्या ओळखीचा रिक्षावाला दिवसाला दोन हजार मिळवतो, गॅसला पाचशे जातात. "रोज दीड हजार सुटतात," असे तो म्हणेल. रिक्षाच्या कर्जाचा हप्ता, त्यावरचे व्याज, परमिटचा खर्च आणि सात-आठ वर्षांनी नवी रिक्षा, हे त्यात धरलेलेच नाही. एबिटा म्हणजे हे दीड हजार. पानटपरीला हा हिशेब चालून जातो. जिथे परमिटच हजारो कोटींचे आणि यंत्रे दर पिढीला, थ्री-जी, फोर-जी, फाइव्ह-जी करत, बदलायची, तिथे तो दिशाभूल करतो. निकालाच्या बातमीत एबिटा मथळ्यात असतो. व्याज, लहरींचे हप्ते आणि नव्या उपकरणांवरचा खर्च वजा जाऊन हातात रोख काय उरली, ते शोधायला बरीच पाने उलटावी लागतात.

गैरसमज : सुरुवातीला शिरणारा श्रीमंत होतो

२०१० मध्ये वायरलेस ब्रॉडबँडच्याच लहरींचा वेगळा लिलाव झाला होता. इन्फोटेल नावाच्या छोट्या कंपनीने १२,८४८ कोटींची बोली लावून सगळी २२ दूरसंचार मंडळे घेतली आणि त्याच दिवशी रिलायन्सने तिचा ९५ टक्के हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. हीच पुढची जिओ. सेवा सुरू व्हायला त्यानंतर सहा वर्षे लागली. एवढी वर्षे पैसे कोंडून बसायची ऐपत तेल शुद्धीकरणातून येत होती. बाकीचे विजेते? क्वालकॉम, ऑगेर आणि टिकोना यांच्या लहरी एकेक करत एअरटेलकडे गेल्या. एअरसेलने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दहा कोटींहून जास्त ग्राहक मिळवलेल्या रिलायन्स कम्युनिकेशन्सचा (जिओवाली रिलायन्स वेगळी) शेअर जानेवारी २००८ मध्ये आठशेच्या वर होता. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली तेव्हा दहाच्या खाली. त्या प्रक्रियेत भागधारकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, बँका आणि सरकार यांच्याही मागे.

जिंकलेल्या कंपनीचीही कथा सरळ नाही. २००२ मध्ये ४५ रुपयांना आलेला एअरटेलचा शेअर पाच वर्षांत भरपूर वाढला. नंतर सेकंदाला एक पैसा हा २००९ चा दरयुद्धाचा काळ, आफ्रिकेतली महागडी खरेदी, मग जिओ. २००७ च्या तेजीतली पातळी ओलांडून तिथे टिकायला २०२० नंतरचा काळ उजाडावा लागला. बारा-तेरा वर्षे. 'लाँग टर्म' म्हणताना आपण एवढा काळ मनात धरलेला नसतो.

गैरसमज : मोठ्यांचे सोडा, आपल्या भागातल्या नेटवाल्यात पैसे गुंतवू

"तालुक्यात वेगाने वाढणारी ब्रॉडबँड कंपनी, महिना दोन टक्के" अशी पत्रके काकांच्याही हाती आली आहेत. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला जाहिरात करून जनतेकडून भागभांडवल मागता येत नाही. ओळखीच्या ठरावीक लोकांना शेअर द्यायचे तरी वर्षाला दोनशेची मर्यादा आहे. इंटरनेट सेवेचा परवाना असणे म्हणजे ठेवी गोळा करण्याचा परवाना नव्हे. त्यातून शेअर घेतलेच, तर विकणार कुणाला?

याचाच चुलतभाऊ म्हणजे "तुमच्या गच्चीवर टॉवर लावतो, महिना चाळीस हजार भाडे, आधी फाइल चार्ज भरा" हा फोन. टॉवर उभारणारी कंपनी जागामालकाला भाडे देते, त्याच्याकडून पैसे घेत नाही. ट्राय किंवा दूरसंचार विभाग असे कोणतेही ना-हरकत पत्र देत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. असा फोन आला तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे नंबर टाकता येतो. काकांना गेल्या महिन्यात दोन आले होते. दुसऱ्याला त्यांनी अर्धा तास बोलत ठेवले आणि शेवटी विचारले, "तुमच्या कंपनीचा आरपू किती?"