माझे शेत, शेत माझे



आष्टीच्या शिवारात कापूस-सोयाबीन सांभाळत आपण मुलांना शाळेत घालतो. पण इंग्रजीचे पुस्तक उघडले, की "आम्हाला कुठे येते?" म्हणून बाजूला होतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावीला याच विषयात पोर अडते आणि पुढची वाट खुंटते. त्यातला सर्वनाम आणि विशेषण हा घोळ मात्र मराठी जाणणाऱ्या आईबापांना घरी सोडवता येतो.

सर्वनाम म्हणजे बदली गडी. नाम हजर नसले, की त्याच्या जागी एकटा काम ओढतो. "हे शेत काळ्या मातीचे आहे" यात 'हे' शेताला जोडून आले, म्हणून विशेषण. "हे आज्याने घेतले" यात शेत हा शब्द नाही, 'हे' त्याच्या जागी उभे आहे, म्हणून सर्वनाम. शब्द एक, कामे दोन. इंग्रजीतल्या 'धिस'चेही असेच.

खरी मेख 'माझे'त आहे. "माझे शेत" म्हणा, की "हे शेत माझे" म्हणा, मराठीत शब्द तोच. इंग्रजीत नाम जोडून असेल तर 'माय', नसेल तर 'माईन'. मुले मराठीच्या सवयीने "धिस फील्ड इज माय" लिहितात. तिथे 'माईन' हवे. युवर-युवर्स, अवर-अवर्स, देअर-देअर्स या जोड्या अशाच. 'हिज' मात्र दोन्हीकडे तोच राहतो.

आणखी एक. रामाची गाय म्हणजे 'त्याची गाय'. यात 'त्या' हे रामासाठी, तर 'ची' हे गाईसाठी. गाय स्त्रीलिंगी म्हणून मुले 'हर काऊ' लिहितात. इंग्रजी फक्त मालक पाहते. राम मालक, म्हणून 'हिज काऊ'. मालकीण सीता असेल तर बैलसुद्धा 'हर बुलक'.

आता परीक्षा घ्या. 'हे', 'माझे' अशा अर्थाच्या शब्दावर बोट ठेवून विचारा, "याला जोडून पुढे नाम आहे का?" असेल तर विशेषण, नसेल तर सर्वनाम. "धिस इज माय फील्ड" घ्या. 'धिस'पुढे 'इज' आले, म्हणून ते सर्वनाम. 'माय'पुढे 'फील्ड' आले, म्हणून ते विशेषण. हल्लीच्या काही पुस्तकांत अशा विशेषणाला 'डिटरमायनर' म्हणतात. नाव निराळे, कसोटी तीच. 'गुड', 'बिग' अशा गुण सांगणाऱ्या शब्दांना मात्र ती लावू नये.

रोज जेवणाआधी पाच वाक्ये पुरेत. उत्तर मुलांनी द्यावे, प्रश्न आपण विचारावा.